निळ्या टोपीचा पहारेकरी
संयुक्त राष्ट्रसंघाचा हेतू व त्याची कार्यपद्धती

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांच्या मनात एक शंका आली असेल. बुलढाणा जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातील आपले हे चर्च कोठे, आणि न्यूयॉर्क शहरी भरणारी ती १९३ राष्ट्रांची सभा कोठे? ज्याला कपाशीच्या भावाची, विहिरीच्या पाण्याची व मुलांच्या शिक्षणाची चिंता आहे, त्याने या विषयाकडे लक्ष का द्यावे? ही शंका आम्हांस रास्त वाटते. पण तिच्याहूनही अवघड असा एक प्रश्न आमच्या तरुण मंडळींकडून आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. ते म्हणतात, "जगात शांती नांदावी म्हणून आपण दर रविवारी मिस्सेत विनवणी करतो. त्याच कामाकरिता राष्ट्रसंघही स्थापन झालेला आहे. मग युद्धे थांबत का नाहीत? आणि जो संघ युद्ध थांबवू शकत नाही, तो हवा कशाला?" या प्रश्नास टाळाटाळ न करता उत्तर देणे, हेच आजच्या भाषणाचे काम होय.

आपण महोत्सवाचे वर्ष साजरे करीत आहो. महोत्सवाची मूळ कल्पना मोशेच्या नियमशास्त्रातील आहे. पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळच्या कुटुंबास परत मिळावी व दास झालेल्या माणसाने मोकळे होऊन घरी जावे, असे लेवीय पुस्तकात सांगितले आहे. तंट्याची मुळे जमिनीत व अन्यायात असतात, आणि ती वेळच्या वेळी उपटली नाहीत तर पुढच्या पिढीस रक्त सांडावे लागते, हे ते नियम घालून देणारास चांगले ठाऊक होते. तेव्हा महोत्सवाच्या वर्षी शांतीच्या व्यवस्थेचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम आपल्या जिल्ह्याचीच एक गोष्ट घेऊ. सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान या दोन मोगल सरदारांची तेथे लढाई झाली. दख्खनची सुभेदारी कोणाची, हा वाद होता. मुबारिझखान मारला गेला, निजाम विजयी झाला, गावास फत्तेखेर्डा असे नाव मिळाले आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया तेथे घातला गेला. दोघांपैकी कोणाचे म्हणणे न्यायाचे होते, हे त्या रणांगणावर कोणी विचारले नाही. ज्या शेतकऱ्यांच्या रानांतून त्या फौजा गेल्या, त्यांना तर कोणीच काही विचारले नाही. राष्ट्राराष्ट्रांतील तंटा तोडण्याची जगाची रीत शतकानुशतके हीच होती. या गोष्टीचे दुसरे टोक २२४ वर्षांनंतर पुन्हा आपल्याच सीमेवर आले. तिकडे आपण थोड्या वेळाने वळू.

ही रीत किती महाग पडते, हे विसाव्या शतकाने दोनदा दाखवून दिले. पहिले महायुद्ध ऐन भरात असता पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी सर्व लढणाऱ्या राष्ट्रांस एक पत्र धाडले. शस्त्रे सर्वांनी मिळून कमी करावीत आणि बळाच्या जागी लवादाची योजना करावी, असा त्याचा आशय होता. त्या वेळी ते पत्र कोणी मनावर घेतले नाही. युद्ध संपल्यावर १९२० साली राष्ट्रसंघ स्थापन झाला. हिंदुस्थान परतंत्र असूनही त्याचा मूळ सभासद होता. परंतु अमेरिका त्यात कधी आलीच नाही, इतर बलाढ्य राष्ट्रे सोईप्रमाणे बाहेर पडली, आणि ज्यांनी शेजाऱ्यांवर आक्रमण केले त्यांस आवरण्याची इच्छा उरलेल्यांपाशी नव्हती. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि राष्ट्रसंघ केवळ नावापुरता उरला.

त्या अनुभवाने शहाणी झालेली राष्ट्रे १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमली. २६ जून १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या झाल्या. हिंदुस्थानच्या वतीने सही करणारांत सर रामस्वामी मुदलियार होते. त्यांचे नाव ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. २४ ऑक्टोबर १९४५ पासून सनद अमलात आली. त्या वेळी मूळ सभासद ५१ होते. सनदेतील हेतू थोडक्यात असे: जगाची शांती व सुरक्षितता राखणे, समान हक्क व स्वयंनिर्णय यांच्या पायावर राष्ट्रांची मैत्री वाढविणे, दारिद्र्य, रोग, अज्ञान यांसारख्या प्रश्नांत सहकार्य करणे, आणि या सर्व कामी राष्ट्रांना एकत्र बसण्याचे ठिकाण उपलब्ध करून देणे.

संघाची मुख्य अंगे सहा आहेत. आमसभेत प्रत्येक राष्ट्रास एक मत असते. तेथे लहानमोठा हा भेद नाही. पण आमसभेचे ठराव बहुतांशी शिफारशीच्या स्वरूपाचे असतात. शांतता राखण्याची मुख्य जबाबदारी सुरक्षा परिषदेवर आहे. तिचे १५ सभासद. त्यांपैकी अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन व फ्रान्स हे पाच कायमचे, बाकीचे दहा दोन दोन वर्षांकरिता निवडलेले. महत्त्वाच्या ठरावास निदान नऊ मते लागतात. आणि पाचांपैकी एकानेही विरोधी मत दिले तर ठराव पडतो. यालाच नकाराधिकार म्हणतात. आर्थिक व सामाजिक परिषद, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि सरचिटणिसांचे सचिवालय ही आणखी तीन अंगे. सहावे विश्वस्त मंडळ. त्याच्या देखरेखीखालील शेवटचा मुलूख १९९४ साली स्वतंत्र झाल्यावर त्याचे काम थांबले.

हे यंत्र कसे चालते, हे समजण्यास गावचा दाखला पुरेसा आहे. दोन भाऊबंदांत बांधावरून तंटा झाला, तर आधी त्यांनी आपसांत बोलावे. न जमल्यास पंच बोलवावेत. तेही न जमल्यास न्यायालयात जावे. सनदेच्या सहाव्या प्रकरणात हीच पायरी सांगितली आहे: वाटाघाट, मध्यस्थी, लवाद, न्यायनिवाडा. इतके करूनही एखादे राष्ट्र शांतीचा भंग करू लागले, तर सातव्या प्रकरणाप्रमाणे परिषद त्याचा व्यापार तोडू शकते आणि अखेरीस सैन्यबळही वापरू शकते. पण गावच्या व्यवस्थेत आणि या व्यवस्थेत एक मोठे अंतर आहे. गावामागे सरकारची पोलीस चौकी असते. संघामागे तशी कोणतीही चौकी नाही. सभासदांनी संघाकरिता फौजा नेमून ठेवाव्यात असे सनदेत लिहिले आहे, पण त्याबद्दलचे करार कधीच झाले नाहीत. शिवाय कोणत्याही राष्ट्राच्या घरच्या कारभारात संघाने हात घालू नये, असेही सनद सांगते. म्हणजे संघास जी शक्ती आहे ती सभासदांनी उसनी दिलेली. आणि उसनी वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

आता आपल्या सीमेकडे वळू. वऱ्हाडचा मुलूख १८५३ च्या तहान्वये निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला. तथापि नावाची मालकी निजामाचीच राहिली, व १९३६ नंतर त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे देश स्वतंत्र होईपर्यंत बुलढाणा जिल्हा कागदोपत्री निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा होता. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि लोणार यांच्यापुढे जालना व परभणीकडचा जो मुलूख लागतो, तो प्रत्यक्ष निजामी राज्यात होता. १९४८ साली त्या मुलखात रझाकारांचा उच्छाद माजला, आणि त्या राज्याचे पुढे काय व्हावे हा वाद विकोपास गेला. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार गुदरली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. १६ सप्टेंबर रोजी परिषद पॅरिस येथे भरली. भारताची बाजू मांडण्यास तेच रामस्वामी मुदलियार उभे राहिले. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नव्हे, सबब हा प्रश्न परिषदेपुढे येऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आठ मते अनुकूल व तीन तटस्थ अशा स्थितीत विषय चर्चेस घेण्यात आला. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. आणि २२ तारखेस तक्रार परत घेतल्याचे त्याने परिषदेस कळविले.

साखरखेर्ड्याच्या रणांगणावर ज्या राज्याचा आरंभ झाला, त्याचा शेवट असा आपल्या सीमेपलीकडे झाला. मराठवाडा मुक्त झाला याचा आनंद आपण दरवर्षी त्या दिवशी करतो, आणि तो योग्यच आहे. पण ही हकीकत आम्ही सांगतो ती दुसऱ्या एका कारणाकरिता. पॅरिसचा कागद आणि सीमेवरची बंदूक यांच्यामध्ये त्या पाच दिवसांत कोणीही उभे नव्हते. आधी रझाकारांच्या हातून आणि नंतर सूडाच्या भरात, दोन्ही धर्मांच्या निरपराध माणसांचे रक्त त्या मुलखात सांडले. कायद्याची बाजू कोणाची, याचा निकाल लागेपर्यंत गरिबाच्या दाराशी पहारा कोणी करावा, हा प्रश्न तेथे उघडा पडला. त्याच वर्षी त्या प्रश्नाचे पहिले, अगदी तोकडे उत्तर संघाने पॅलेस्टाइनमध्ये शोधण्यास आरंभ केला होता. त्या उत्तराचेच नाव शांतिरक्षण.

१९४८ च्या उन्हाळ्यात पॅलेस्टाइनमधील तहकुबीवर नजर ठेवण्यास संघाने काही लष्करी निरीक्षक पाठविले. त्यांच्यापाशी शस्त्रे नव्हती. गोळी कोणी झाडली हे पाहावे आणि खरे ते लिहून कळवावे, एवढेच त्यांचे काम. जानेवारी १९४९ पासून काश्मीरमध्येही असे निरीक्षक आले. १९५६ साली सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले. ब्रिटन व फ्रान्स स्वतःच त्यात गुंतलेले असल्यामुळे सुरक्षा परिषद नकाराधिकाराने बांधली गेली. तेव्हा आमसभेची तातडीची बैठक भरली, कॅनडाचे मंत्री लेस्टर पिअरसन यांनी सूचना मांडली, आणि सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी थोड्याच दिवसांत पहिली सशस्त्र शांतिसेना उभी केली. रणांगणावर ही माणसे दुरून ओळखू यावीत म्हणून त्यांच्या शिरस्त्राणांस निळा रंग देण्यात आला. तेव्हापासून निळी टोपी हीच त्यांची खूण झाली.

ही सेना इतर सेनांपेक्षा कशी निराळी आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे; लोकांचा गैरसमज होतो तो येथेच. तिचे तीन नियम आहेत. पहिला, ज्यांचा तंटा आहे त्या मुख्य पक्षांची संमती असल्याखेरीज ती जात नाही. दुसरा, ती कोणाचीही बाजू घेत नाही. तिसरा, स्वतःचे किंवा सोपविलेल्या कामाचे रक्षण करण्यापुरतेच बळ ती वापरते. सनदेत शांतिसेना हा शब्द कोठेही नाही. सहाव्या प्रकरणातील समजुतीचा मार्ग आणि सातव्यातील बळाचा मार्ग यांच्या मधोमध, गरजेपोटी, ही पायवाट पडली. शत्रूचा पराभव करणे हे तिचे काम नाही, कारण तिला शत्रूच नाही. दोन फौजांच्या मध्ये उभे राहून त्यांस थांबविणे, आणि थांबलेल्या वेळात त्यांना बोलण्याची संधी देणे, एवढेच तिचे काम. अलीकडच्या काळात नागरिकांचे रक्षण, निवडणुकांची देखरेख, शस्त्रे खाली ठेवलेल्यांची व्यवस्था ही कामेही तिच्याकडे आली आहेत.

ती उभी राहते तीही अशीच उसनवारीने. आधी सुरक्षा परिषद ठराव करून कामाची मर्यादा व मुदत ठरविते. मग सरचिटणीस सभासद राष्ट्रांकडे पलटणी, डॉक्टर, पोलीस मागतात. जी राष्ट्रे देतात त्यांचे जवान आपल्याच देशाचा गणवेश घालतात. त्यावर निळी टोपी व संघाचे चिन्ह एवढीच भर पडते. प्रत्येक जवानामागे ठरलेली मासिक रक्कम संघ त्या देशास देतो, आणि तो पैसा सर्व सभासदांच्या वर्गणीतून येतो. कायमच्या पाच राष्ट्रांस या वर्गणीचा वाटा जास्त द्यावा लागतो. वर्गणी थकली की मोहिमेत गाड्या, विमाने व औषधे तुटपुंजी पडतात. खर्चाचा मोठा भार श्रीमंत देशांवर आणि माणसांचा मोठा भार गरीब देशांवर, अशी ही वाटणी होऊन बसली आहे.

त्या माणसांत भारताचा वाटा फार मोठा आहे. आजवर ५० हून अधिक मोहिमांत पावणेतीन लाखांपेक्षा अधिक भारतीयांनी ही सेवा केली, आणि सुमारे १८० जणांनी प्राण दिले. कोरियाच्या युद्धात भारताने लढणारी फौज न पाठविता १९५० साली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठविली. लेफ्टनंट कर्नल रंगराज तिचे प्रमुख होते. सुएझच्या वेळी गाझाच्या वाळवंटात भारतीय पलटणी अकरा वर्षे उभ्या होत्या. काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल शहराजवळ कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी मूठभर गुरख्यांनिशी कितीतरी मोठ्या टोळीवर हल्ला करून वाट मोकळी केली व तेथेच देह ठेवला. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पुण्याजवळ खडकवासल्यास जी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिच्या विद्यार्थ्यांपैकी ते पहिले परमवीर होत. त्याच काँगोत, १ जानेवारी १९६२ रोजी, काँगोलो या गावी वीस कॅथलिक मिशनऱ्यांची हत्या झाली. त्यांच्या रक्षणास तेथे निळ्या टोपीची तुकडी नव्हती. ती असल्याने काय होते, हे पुष्कळदा दिसत नाही. नसल्याने काय होते, ते असे दिसते.

आपल्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या पलटणीही या कामात आहेत. १९४१ साली बेळगाव येथे जिची पहिली पलटण उभी राहिली व जिच्याकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला, त्या महार रेजिमेंटची पाचवी पलटण सोमालियात भारतीय ब्रिगेडबरोबर होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सेवा केलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२ साली युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले. लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांनी २०१९ ते २०२२ या काळात दक्षिण सुदानमधील सेनेचे आधिपत्य केले. आणि २००७ साली लायबेरियात शंभराहून अधिक भारतीय महिला पोलिसांची तुकडी गेली. केवळ स्त्रियांची अशी ती संघाची पहिलीच तुकडी होती. युद्धात ज्या स्त्रियांची विटंबना झाली होती, त्यांस तक्रार सांगण्यास आपल्यासारखीच एक स्त्री समोर दिसली, याचे मोल बंदुकांनी मोजता येणार नाही.

येथवर आम्ही गौरवाच्या गोष्टी सांगितल्या. आता दुसरी बाजू सांगणे सत्यास धरून होईल. मे १९६७ मध्ये इजिप्तने आपली संमती काढून घेतली, आणि गाझाची शांतिसेना मागे घ्यावी लागली. ती परतीच्या तयारीत असतानाच जूनमध्ये युद्ध भडकले आणि काही भारतीय जवान त्यात नाहक मारले गेले. १९९४ साली रवांडात सुमारे आठ लाख माणसे शंभर दिवसांत कापली गेली. तेथील शांतिसेनेत अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. कत्तल चालू असता परिषदेने ती वाढविण्याऐवजी २७० वर आणली. पुढील साली, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातील स्रेब्रेनिका हे गाव संघाने सुरक्षित म्हणून जाहीर केले असता तेथील आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले. हैतीत शांतिसेनेच्या छावणीतून कॉलरा पसरला. काही ठिकाणी रक्षकांनीच स्त्रियांवर अत्याचार केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा निषेधाचा ठराव त्याच रशियाच्या नकाराधिकाराने पडला. हे सर्व खरे आहे, आणि ते झाकणाऱ्याच्या तोंडी शांतीची भाषा शोभत नाही.

रवांडाच्या बाबतीत तर आपणांस बोट दुसऱ्याकडे दाखविताना जपले पाहिजे. तो देश बहुसंख्य ख्रिस्ती होता. आश्रयास आलेली माणसे चर्चच्या आवारात मारली गेली, आणि मारणारे पुष्कळसे बाप्तिस्मा घेतलेलेच होते. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या पापाबद्दल व ख्रिस्तसभेच्या चुकांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. न्यूयॉर्कचा पहारा ढिला पडला हे खरेच. पण घरचा पहारा त्याच्या आधीच ढिला पडला होता.

आता तरुण मित्रांच्या प्रश्नाकडे येऊ. युद्ध थांबवू न शकणारा संघ हवा कशाला? आमचे उत्तर असे की, संघ सभासदांपेक्षा निराळा असा कोणी नाही. त्याचे सैन्य म्हणजे सभासदांनी दिलेली माणसे, त्याची तिजोरी म्हणजे सभासदांची वर्गणी, त्याचे बळ म्हणजे भांडणाऱ्यांची संमती. जेथे ही तीनही मिळाली तेथे त्याने काम केले आहे. नामिबियात १९८९-९० साली लेफ्टनंट जनरल प्रेमचंद या भारतीय सेनापतीची शांतिसेना तेथे असताना, संघाच्या देखरेखीखाली निवडणुका होऊन ते राष्ट्र स्वतंत्र झाले. सिएरा लिओनची शांतिसेना २००५ साली आणि लायबेरियाची २०१८ साली काम आटोपून परतली. ज्या गावांतून पूर्वी हातपाय तोडले जात होते, त्या गावांतून मुले शाळेत जाऊ लागली. सायप्रसमध्ये मात्र १९६४ पासून ती उभी आहे. कत्तल थांबली, पण समेट झाला नाही. पहारेकरी वेळ मिळवून देऊ शकतो. त्या वेळात भाऊ भावाशी बोलला नाही, तर पहारेकऱ्याने काय करावे?

म्हणून संघ मोडून टाकावा असे म्हणणारांस आम्ही साखरखेर्ड्याची आठवण देतो. तो नसला तर उरते ती जुनीच रीत. त्यात सुधारणा हवी, नकाराधिकारास लगाम हवा, भारतासारख्या देशांस परिषदेत योग्य स्थान हवे, ही मागणी रास्त आहे व ती नेटाने केली पाहिजे. परंतु फाटके छप्पर शिवावयाचे असते. पाऊस लागतो म्हणून कोणी ते उपटून टाकीत नाही.

ख्रिस्तसभेनेही हीच दृष्टी ठेविली आहे. व्हॅटिकनचे परमधर्मपीठ संघाचे सभासद नाही. १९६४ पासून ते कायमचे निरीक्षक आहे. मत न देता बोलण्याचा अधिकार त्याने ठेविला आहे. त्याच १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषदेकरिता आपल्या मुंबईस आले. त्या वेळी हजर असलेली वडीलधारी माणसे अजूनही काही घरांतून आहेत. मुंबईतूनच त्यांनी जगातील राष्ट्रांस आवाहन केले की, शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी बाजूस काढून गरिबांकरिता एक जागतिक निधी उभारावा. दहा महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९६५ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे उभे राहिले व युद्ध पुन्हा कधीही नको असे त्यांनी कळवळून सांगितले. १९६७ च्या परिपत्रकात त्यांनी मुंबईच्या त्या आवाहनाचा पुन्हा उल्लेख केला. भुकेल्यांच्या देशात सुचलेली गोष्ट त्यांनी राष्ट्रांच्या सभेपर्यंत नेली. शांतीची वाट अशी आपल्या बाजूनेही तिकडे जाते.

मग आपल्या धर्मग्रामाने काय करावे? महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावच्या समितीपाशी ना बंदूक ना तुरुंग. दोन्ही पक्षांची संमती, समितीचा निःपक्षपातीपणा आणि धीर, एवढ्यावर ती बांधाचे, वाटणीचे, नवराबायकोचे तंटे मिटविते. शांतिसेनेचे तीन नियम आणि हे नियम यांत फारसा फरक नाही. ज्या गावी समितीचे लोक स्वतःच एखाद्या गटाचे झाले, तेथे ती बुडाली. राष्ट्रसंघाचेही तसेच आहे. आपल्यापैकी जे अशा समितीवर आहेत, त्यांनी हे काम लहान समजू नये. जो आपल्या भावाशी बांधावरून दहा वर्षे बोलला नाही आणि रविवारी जगाच्या शांतीसाठी हात जोडतो, त्याने आधी बांधावर जावे. शांती करणाऱ्यांस प्रभूने धन्य म्हटले आहे. आणि शांती करणारा म्हणजे दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडचे दगड सोसणारा.

दुसरी एक विनंती. २९ मे हा दिवस शांतिरक्षकांचा म्हणून जगभर पाळला जातो. १९४८ पासून चार हजारांहून अधिक शांतिरक्षक या सेवेत मरण पावले आहेत. त्यांत सर्व धर्मांचे व सर्व वर्णांचे लोक आहेत. १९८८ साली या सेनांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण आफ्रिकेतील एखाद्या चौकीवर रात्री जागत बसलेल्या खेड्यातील मुलास पारितोषिकापेक्षा आपली आठवण अधिक हवी असते. दरवर्षी त्या दिवसाजवळच्या रविवारी एक मिस्सा त्यांच्याकरिता अर्पण करावी, आणि आपल्या जिल्ह्यातून सैन्यात गेलेल्या मुलांच्या आईबापांस, ते कोणत्याही धर्माचे असोत, त्या दिवशी बोलवावे, असे आम्ही सुचवितो.

या चर्चचा पहिला दगड बसविणारांनी आपल्या पिढीस एक जागा दिली, जेथे भांडलेली माणसेही एका बाकावर बसून शांतीचे अभिवादन करतात. राष्ट्रांस अशी जागा मिळून पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. ती जागा टिकविणे आणि तेथे बसलेल्यांस खरोखर बोलावयास लावणे, हे पुढील पिढीचे काम आहे. आणि त्या कामाचा सराव घरी, गावी व या चर्चमध्येच करावयाचा आहे.